वाळवीचे भागीदार

पस्तीस वर्षं मी वाळवीशी भांडलो. त्यामुळे तिच्यात पैसे गुंतवावेत की नाही हे ठरवण्याची पाळी माझ्यावरच यावी, यात कुणाचा तरी खोडसाळपणा असावा असं मला अजून वाटतं.

मंगळवेढ्यात एका वाचनालयाचा मी ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो तरी मागच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच राहिली. दुसऱ्या कुणाला ती नको होती. त्या खोलीत जुनी बांधीव मासिकं आहेत आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं आमची भिशी भरते. सात जणांची भिशी, त्यातले तिघं नुसते पैसे पाठवतात. नेहमीच्या भिशीत चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल तो सगळी रक्कम उचलतो. आमच्यात त्याला रक्कम मिळत नाही, शब्द मिळतो. जमलेल्या पैशांतून सगळ्यांसाठी कुठल्या कंपनीचे शेअर घ्यायचे ते त्यानं आठवडाभरात सांगायचं. बाकीच्यांनी हवा तेवढा वाद घालावा, पण शेवटी त्याचा शब्द मोडायचा नाही.

आणखी एक नियम आहे. आधी वापर, मग खरेदी. ज्या कंपनीचा माल आम्ही स्वतः वापरून पाहिला नाही, तिला पैसे द्यायचे नाहीत. बिस्किटांची एक कंपनी आम्ही महिनाभर चहात बुडवून पाहिली होती. सिमेंटच्या कंपनीसाठी इक्बाल मुजावरनं आपल्या गॅरेजचा उंबरा नव्यानं घातला, आठ दिवस त्यावर पाणी मारलं आणि नवव्या दिवशी हातोडा घातला. उंबरा फुटला, आम्ही शेअर घेतले नाहीत. पुढं त्या कंपनीचा भाव तिप्पट झाला. हे इक्बाल स्वतःच सगळ्यांना सांगतो आणि वर म्हणतो, "पण उंबरा फुटला होता की नाही?"

तर त्या पावसाळ्यानंतरच्या पहिल्या भिशीत चिठ्ठी माझी निघाली. याआधी ती चार वेळा निघाली होती आणि चारही वेळा मी माझा शब्द हेंबाडेबाईंना देऊन टाकला होता. हेंबाडेबाई म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेल्या पोस्टमास्तर. भिशीची वही त्यांच्याकडे असते आणि त्यांना ठाम बोलता येतं. मी कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचतो, तळटीपाही सोडत नाही, आणि वाचून झाल्यावर माझ्यापाशी आधीपेक्षा जास्त शंका असतात. असा माणूस लोकांचे पैसे कुठं लावणार?

"या खेपेला मी घेणार नाही," बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "तुमचा शब्द तुम्हीच खर्च करा, हुंडेकरी."

त्या दिवसांत बाजारात एकच विषय होता, तृणतेल, म्हणजे कडब्यासारख्या काडीपासून केलेलं इंधन. पेट्रोलमध्ये निम्मं तृणतेल मिसळायचा नियम झाला होता आणि ते बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेण्यासाठी लोक धावत होते. त्याचं शास्त्र मी वाचून समजून घेतलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. कडब्याची काडी ही बांधीव पुस्तकासारखी असते. पानं म्हणजे सेल्युलोज; साखरेचे कण माळेसारखे ओवून ते तयार होतं. पानांना घट्ट धरून ठेवणारा सरस म्हणजे लिग्निन. पानं सुटी झाली की साखर हाती येते आणि साखरेपासून इंधन करता येतं, पण हा सरस सुटता सुटत नाही. माणसानं आम्ल, वाफ, दाब असं सगळं वापरून पाहिलं आणि बहुतेक वेळा तेलापेक्षा खटाटोपच महाग पडला.

वाळवी मात्र हेच काम कोट्यवधी वर्षं गुपचूप करत आली आहे. खरं तर ती एकटी करत नाही. तिच्या पोटातल्या अंधारात, जिथं हवा फारशी पोचत नाही, सूक्ष्मजीवांची एक वस्ती असते. एक जात सरस सैल करते, दुसरी माळ तोडते, तिसरी सुटलेली साखर आंबवते. संशोधकांना ही वस्ती वाळवीच्या पोटातून काढून बंद टाकीत नांदवता आली, आणि तिसऱ्या जातीच्या जागी साखरेचं इंधन करणारी जात बसवता आली. एका बाजूनं कडबा घालायचा, दुसऱ्या बाजूनं तेल काढायचं. आमच्या वाचनालयातले निम्मे ज्ञानकोश ज्यांनी फस्त केले, तेच जीव आता देशाच्या गाड्या चालवणार होते.

एक अडचण राहिली होती. तीन-चार आठवड्यांत एखादी जात बाकीच्यांवर शिरजोर होते आणि टाकी मंदावते. काही जातींच्या वाळवीचंही असंच होतं. कात टाकली की तिच्या पोटातली वस्ती नाहीशी होते आणि ती शेजारणीकडून पुन्हा घ्यावी लागते. इथं दोन कंपन्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. तृणज्योत नावाच्या मोठ्या कंपनीनं जिल्ह्यात एकच अवाढव्य कारखाना उभारला होता. टाकी मंदावली की ती रिकामी करायची, धुवायची, प्रयोगशाळेतून नवी वस्ती आणून भरायची. उरलेला चोथा ते बॉयलरमध्ये जाळत. वारूळ नावाच्या छोट्या कंपनीनं गावोगावी खोलीएवढ्या टाक्या बसवल्या होत्या. एका गावची टाकी मंदावली की पलीकडच्या गावच्या टाकीतून दोन झाकणबंद बादल्या आणून ओतायच्या. आणि चोथा, ज्यांनी कडबा दिला त्यांना जनावरांसाठी परत द्यायचा, उरलेला इतर गोठ्यांना स्वस्तात विकायचा. तृणज्योतचा भाव रोज चढत होता. वारूळला अजून एका रुपयाचा नफा झालेला नव्हता.

हे सगळं मी भिशीत सांगितलं. वीस मिनिटं लागली. इक्बालनं मध्ये दोनदा जांभई दिली. माझं संपल्यावर मालनताई लेंगरे म्हणाल्या, "म्हंजे विरजण. आपलं मोडलं की शेजारनीकडनं आणायचं. एवढ्याला इतकं बोलावं लागतं व्हय सर?"

मालनताईंचा गोठा वाचनालयाच्या मागच्याच बोळात आहे. पाच पंढरपुरी म्हशी होत्या त्यांच्याकडे, तलवारीसारख्या लांब शिंगांच्या. अर्ध्या गल्लीला दूध तिथूनच यायचं. तृणज्योतचे ट्रक शेताच्या बांधापर्यंत येऊन कडबा उचलू लागले तसा कडब्याचा भाव तिप्पट झाला आणि मालनताईंनी दोन म्हशी विकल्या. त्या रविवारी त्यांनी सांगितलं की उरलेल्या तीनही जाणार आहेत. त्यातली बिजली सात महिन्यांची गाभण होती. शनिवारी व्यापारी येऊन घेऊन जाणार, दुसऱ्या दिवशी सांगोल्याचा बाजार.

इक्बालनं त्यांना समजावलं की मग तर तृणज्योतच घ्यायला हवेत. कंपनी गव्हाणीतून जे नेते ते शेअरमधून परत मिळेल. हिशेब चुकीचा नव्हता. मलाही तो सुचला होता.

"शेअर पिळून दूध निघतंय का?" मालनताई म्हणाल्या. "पैसं येतील रे बाबा. पण सकाळी उठून मी करू काय, त्या पैशाला पाणी दाखवू?"



नियमाप्रमाणे आधी वापर. इक्बालनं आपल्या जुन्या स्कूटरमध्ये एक दिवस एका कंपनीचं तेल घातलं, एक दिवस दुसरीचं. गाडीला फरक कळत नाही, असा त्याचा निकाल होता. दोन्हींचा धूर गुळाच्या काहिलीसारखा यायचा. म्हणजे फरक उरला तो चोथ्याचा. तृणज्योतचा चोथा जळून जात होता आणि वारूळचा जनावरांसमोर जात होता. तो जनावरं खरंच खातात का, हे अहवालात छापलं होतं, पण आमच्यातल्या कुणी पाहिलं नव्हतं. तेव्हा ही परीक्षा बिजलीनं घ्यायची असं ठरलं. तिनं खाल्लं तर मालनताई म्हशी ठेवणार होत्या. नाही खाल्लं तर शनिवारी व्यापारी येणारच होता.

बुधवारी मी आठ किलोमीटरवरच्या गावी एसटीनं गेलो. तिथली टाकी सांभाळणाऱ्या बाईंनी मला ओलसर, तपकिरी चोथ्याचं एक पोतं दिलं. वास ताज्या ताकासारखा होता. त्यांनी नीट समजावलं की हवा लागताच यातले जीव मरतात, त्यामुळे काही धोका नाही. मात्र दोन दिवसांत खायला घालायचं. मी परतलो तेव्हा मालनताई डेअरीवर गेल्या होत्या. पोतं सकाळपर्यंत मागच्या खोलीत ठेवलं.

आता इथं जे झालं ते सांगायलाच हवं. हवेत हे जीव जगत नाहीत हे मी तीन ठिकाणी वाचलं होतं. तरी बांधीव मासिकांच्या कपाटाशेजारी वाळवीच्या पोटातलं पोतं ठेवून कुलूप लावताना माझा हात थांबला. कपाटावर वेखंडाचा डबा असतो. कागदाला कीड लागू नये म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या कप्प्याकप्प्यात ठेवायच्या, हे मी पस्तीस वर्षं केलं. मी दोन पुरचुंड्या पोत्याच्या तोंडाशी खोचल्या, थोडी पूड वरून भुरभुरली, आणि निश्चिंत होऊन घरी गेलो. वाचलेलं डोक्यात होतं, पण हात जुना होता.

सकाळी पुरचुंड्या काढून ठेवल्या आणि पोतं गोठ्यात नेलं. हेंबाडेबाई वही घेऊन आल्या होत्या, इक्बाल गॅरेज बंद ठेवून आला होता. मालनताईंनी चोथा गव्हाणीत ओतला. बिजलीनं मान खाली घातली, हुंगलं, जोरात फुरफुरली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. बाकीच्या दोघींनी तर मानही खाली घातली नाही.

मालनताईंनी मूठभर चोथा उचलून नाकाशी नेला. "औषध हाय ह्यात," त्या म्हणाल्या. "कंपनीवाल्यांनी कायतरी मारलंय." मग त्यांनी हात पदराला पुसला आणि गव्हाण रिकामी करायला घेतली. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त शांतपणे म्हणाल्या की चला, ठरवायचा तरी ताप गेला.

हेंबाडेबाईंनी वहीत लिहिलं: वारूळ, म्हशीने नाकारले.

मी माझी बोटं नाकाशी नेली. वेखंडाचा वास एवढ्या सहज जात नाही.

तिथंच बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. चार माणसांसमोर आपला मूर्खपणा सांगायचं धैर्य नव्हतं, हे पहिलं कारण. आणि दुसरं असं मनात आलं की वेखंड नसतं तरी बिजलीनं खाल्लं असतं कशावरून? मी बोललो, मालनताईंनी म्हशी ठेवल्या, आणि पुढं त्या म्हशी उपाशी राहिल्या, तर? न बोलण्यासाठी मला नेहमीच चांगली कारणं सापडतात. दिवसभर मी ती मनाशी घोळवत राहिलो. संध्याकाळी दूध घ्यायला गेलो तेव्हा मालनताई बिजलीच्या शिंगांना तेल लावत होत्या. बाजारात जनावर उठून दिसावं म्हणून लावतात तसं. दूध घेऊन मी घरी आलो, पण चहा करावासा वाटला नाही.

शुक्रवारी पहिल्या एसटीनं पुन्हा त्या गावी गेलो. टाकीवाल्या बाईंनी ओळखलं आणि विचारलं की म्हशीनं इतक्यात संपवलं का. मी काहीतरी पुटपुटलो. ताजं पोतं घेतलं, येताना ते मांडीवर घेऊन बसलो, आणि स्टँडवरून थेट गोठ्यात गेलो.

मालनताई शेण काढत होत्या. मी पोतं खाली ठेवलं. वाटेत सगळं नीट जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच. "कालच्या चोथ्यात मी वेखंड घातलं होतं."

त्यांनी घमेलं खाली ठेवलं. "काय घातलं होतं?"

"वेखंड. पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून. सवयीनं घातलं गेलं. कंपनीनं काही मारलं नव्हतं. मी काल सांगायला हवं होतं."

मी खाली बघत होतो, त्यामुळे मालनताईंच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगता येणार नाही. मग त्या हसायला लागल्या, इतक्या की त्यांना गव्हाणीचा आधार घ्यावा लागला.

"अवो सर, माझ्या म्हशीला बाळगुटी चाटवली व्हय तुमी? आता जायफळ, हळकुंड बी उगाळून आणायचं हुतं की."

मी माफी मागू लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं आणि पोतं सोडलं. आधी स्वतः हुंगलं. मग गव्हाण दोनदा पाण्यानं धुतली, कोरडी केली आणि अर्धं पोतं ओतलं.

बिजली काल फसलेली होती. ती पुढं आली नाही. आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो. मालनताई तिला काही म्हणाल्या नाहीत, चुचकारलंही नाही. बऱ्याच वेळानं बिजलीनं एक पाऊल टाकलं, हुंगलं, जिभेनं थोडंसं उचललं आणि थांबली. पुन्हा थोडं उचललं. मग तिनं तोंड गव्हाणीत घातलं ते वर काढलंच नाही. पलीकडची म्हैस दावं ताणून तिच्या वाट्याकडे सरकू लागली, तेव्हा बिजलीनं ते लांब शिंग तिच्या दिशेनं हलवलं.

एका म्हशीनं एका सकाळी खाल्लं, यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मी मालनताईंना सांगितलं. पचलं पाहिजे, दूध टिकलं पाहिजे, पोटातल्या रेडकाला मानवलं पाहिजे. निदान महिनाभर तरी नोंद ठेवायला हवी.

"ठेवा की नोंद," त्या म्हणाल्या. "तुमाला कोन नगं म्हनतंय? पर व्यापाऱ्याला यायला महिना न्हाई, उद्याच येतोय." आणि कमरेचा फोन काढून त्यांनी त्याला सांगितलं की येऊ नको. तो भाव वाढवून देत असावा, कारण त्या दोनदा म्हणाल्या, "भावाचं न्हाई रे दादा. म्हस खातीया."

रविवारी माझा शब्द ऐकायला भिशी पुन्हा बसली. हेंबाडेबाईंनी वहीतली ओळ माझ्याकडून सगळं ऐकून घेऊन खोडली आणि समासात लिहिलं: फेरपरीक्षा, खाल्ले. कारणही लिहावं का, असं त्यांनी विचारलं. मी लिहा म्हणालो. इक्बालला हसू आवरेना, पण हसून झाल्यावर त्यानं गंभीरपणे मला सावध केलं. तृणज्योतचा भाव कालच पुन्हा वर गेला होता. वारूळकडे मोठ्या लोकांनी पाठ फिरवली होती. आणि सात जणांचे पैसे एका म्हशीच्या जिभेवर लावणं हे उंबरा फोडण्याहून धाडसाचं होतं.

त्याचं सगळं खरं होतं. माझ्यासमोर वारूळचा अहवाल होता, तळटीपांवर पेन्सिलीच्या खुणा केलेल्या. तृणज्योतच्या अहवालातही एक तळटीप होती: टाकी धुण्यासाठी बंद ठेवलेले दिवस गेल्या वर्षीपेक्षा दीडपट झाले होते. यातून काय निघतं, हे दोन्ही बाजूंनी सांगता आलं असतं. मी हेंबाडेबाईंकडे पाहिलं. त्या वहीत बघत होत्या, मुद्दामच.

"मला खात्री नाही," मी म्हणालो. "पण वारूळ."

बाईंनी लिहून घेतलं. कुणी वाद घातला नाही. मालनताईंनी फक्त विचारलं की आता चहा होणार आहे की नाही.

त्यानंतर तीन महिने गेले. तृणज्योतनं दुसऱ्या कारखान्याची घोषणा केली आणि आमच्या वारूळचा भाव पाव हिश्शानं उतरला. इक्बाल दर आठवड्याला आपल्या मालवाहू रिक्षातून त्या गावी जातो आणि आमच्या गल्लीतल्या गोठ्यांसाठी चोथा घेऊन येतो. आता असे चार गोठे आहेत. कडबा अजून महागच आहे. मालनताईंच्या दुधाची नोंद मी रोज ठेवतो. पहिल्या पंधरवड्यात दूध थोडं घटलं, मग पूर्वीसारखं झालं. एवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढू नये.

परवाच्या भिशीत हेंबाडेबाईंनी भाव वाचून दाखवला. माझ्या मनात आलं की आता काहीतरी बोललं पाहिजे, आणि मी सांगायला सुरुवात केली की निवड माझी होती, मी घाईच केली, त्या वेळी आणखी महिनाभर थांबायला हवं होतं.

मालनताई मध्येच उठल्या. दाराशी ठेवलेला स्टीलचा मोठा डबा त्यांनी टेबलावर आणला. बिजली मंगळवारी व्याली होती, पारडी झाली होती, हे आम्हाला माहीत होतं. डब्यात खरवस होता, वेलदोडा घातलेला, अजून कोमट. "भाव काय पळून जातोय व्हय," त्या म्हणाल्या. "ह्ये गार हुईल."

हेंबाडेबाईंनी वही मिटली. इक्बालनं जुन्या मासिकांवरून हात फिरवून टेबलावर जागा केली. खरवसाची वडी जिभेवर ठेवली तशी विरघळली. माझं बोलणं अर्धवट राहिलं होतं आणि ते पुरं करावं असं मला वाटलं नाही.

वडी संपल्यावर मी ताटली पुढं केली आणि आणखी एक मागितली.